मे महिन्यातलं गणिताचं प्रशिक्षण: जायचं का, कशासाठी जायचं, की आपलं आपणच करायचं?

बिनहातचा
नमस्कार मंडळी. निकालपत्रकांचं काम संपत आलंय आणि आमच्या ग्रुपवर नेहमीचा विषय सुरू झालाय, यंदा सुट्टीत प्रशिक्षण लागणार का आणि लागलं तर कुणाचं नाव जाणार. मी झेडपीच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं, चोवीस झाली की निवडश्रेणीचं, ते तर करावंच लागतं, त्याबद्दल बोलत नाहीये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास करावा असं लिहिलंय, तेही ठीक. पण माझा प्रश्न साधा आहे, त्या ५० तासांत गणित किती तास? धोरण, अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापनाचे तक्ते, सगळं होतं, आणि फळ्यावर एक उदाहरण घेऊन पोर इथे का चुकलं यावर अर्धा तास कुणी बसत नाही.

म्हणजे बघा, ५०३ मधून २४७ वजा करा. उत्तर २५६. माझ्या सहावीच्या वर्गात सुद्धा तीन वेगवेगळी चुकीची उत्तरं येतात, ३४४, २४६ आणि २६६. आपण तिन्हीवर लाल फुली मारतो आणि वर लिहितो सराव करा. पण तिघांचं दुखणं वेगळं आहे ना. ३४४ वाला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतोय, वर कोण खाली कोण त्याला देणंघेणं नाही. २४६ वाल्याने शतकाचा हातचा थेट एककाला दिला आणि दशकाच्या शून्यातून चार काढायची वेळ आली तेव्हा उलटी वजाबाकी केली. २६६ वाला जवळजवळ पोचलाय, दशकात दहा आले हे त्याला कळलं, त्यातला एक एककाला दिल्यावर तिथे नऊ उरतात तेवढं राहिलं. या तिघांना एकच सरावपत्रक देऊन काय होणार?

तर आम्ही केंद्रातले (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले) चार-पाच जण मिळून जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडायच्या आधी तीन-चार दिवस बसावं म्हणतोय. कुणाचा आदेश नाही, प्रमाणपत्र नाही, पीपीटी नाही. फक्त पोरांच्या वह्या आणि आपण. कुणी असं केलंय का, काय घ्यावं, काय टाळावं, सांगा.

निशिगंधा_के
धागा चांगला आहे सर, पण आधी भांडते मग मुद्द्यावर येते :) सुट्टी सुट्टी म्हणता ती तुमची असते. आमच्याकडे मे म्हणजे कुरडया, पापड, नणंदेच्या घरचं लग्न, माहेरी चार दिवस जायचं तेही धड होत नाही. जूनचा पहिला आठवडा म्हणालात ते बरं केलंत, मे मध्ये ठेवलं असतंत तर पुरुषच आले असते आणि मग म्हणाला असता की मॅडम लोकांना रस नाही. वेळ पण दहा ते दोन ठेवा.

आता मुद्दा. दशांश अपूर्णांक नक्की घ्या. पाचवी-सहावीला ३.१२ मोठं की ३.४ असं विचारलं तर निम्मा वर्ग ३.१२ म्हणतो कारण बारा चारापेक्षा मोठा. हे सगळ्यांना माहीत आहे. पण चुकीचा दुसरा प्रकार आहे तो आपल्या हातून सुटतो. त्या मुलांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की शतांश दशांशापेक्षा लहान, मग ज्यात जास्त आकडे ती संख्या लहान असा नियम ती स्वतःच बनवतात. ती ३.४ असं बरोबर उत्तर देतात आणि आपण खूश. त्यांना ०.३५ आणि ०.२ विचारा, ०.२ मोठं म्हणतील. म्हणून मी आता जोडीनेच प्रश्न देते, एकट्या प्रश्नावर टिक देत नाही. आणि वर्गात ‘तीन पॉइंट बारा’ म्हणायचं मी बंद केलंय, तीन दशांश चिन्ह एक दोन असंच म्हणायचं.

वऱ्हाडी_ठसका
भाऊ तुमचं ठीक आहे, आमच्या चंद्रपूरकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, हॉलमध्ये पंखा असला तरी गरम हवाच फेकते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी शेवटी उघडतात ते उगाच नाही. आमच्याकडं असं काही करायचं तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि सकाळी सात ते अकरा.

एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. आपण दीर्घ सुट्टीवाल्या विभागात मोडतो म्हणून अर्जित रजा आपल्या वाट्याला इतरांसारखी येत नाही. पण सुट्टीत प्रशासनाच्या लेखी आदेशाने प्रशिक्षण किंवा काम केलं तर त्या प्रमाणात अर्जित रजा मिळते. त्यासाठी आदेशाची प्रत आणि हजेरीचा दाखला जपून ठेवायचा आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्यायची, नंतर कोणी करत नाही बाप्पा. बिनहातचा सर, तुमचं स्वयंप्रेरणेचं आहे तर त्यात रजा गिजा काही नाही, हे सगळ्यांना आधीच सांगा म्हणजे नंतर कुरबूर नको.

सडेतोड
मला हे पटत नाही. बीएलओ (मतदार यादीचं काम) आपण, निवडणूक आपण, पोषण आहाराचा हिशोब आपण, ऑनलाइन माहिती रोज तीन वेळा भरायची आपण, आणि आता प्रशिक्षण सुद्धा आपलं आपण सुट्टीत बिनपैशाचं? मग यंत्रणा कशाला आहे? उद्या हेच कौतुक म्हणून पेपरात छापून येईल आणि परवा सक्तीचं होईल. शिवाय यंदा कुणाला वेळ आहे? सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय. पंचेचाळीशीतले लोक गाईड घेऊन बसलेत. तुम्ही पोरांच्या वह्या घेऊन बसा.

बिनहातचा
@सडेतोड, यंत्रणेबद्दल तुमचं म्हणणं मान्य, भांडायला मी पण येतो. पण तोवर माझ्या वर्गातलं २६६ वालं पोर सातवीत जाणार ना. आणि टीईटीचं म्हणाल तर पेपर दोनला गणित-विज्ञान घेतलं की १५० पैकी ६० गुण त्याचे, आणि त्यात अध्यापनशास्त्राचे प्रश्न असतात ते नेमके हेच असतात, मूल असं चुकलं तर तुम्ही काय कराल. गाईड पाठ करण्यापेक्षा चार जणांत बसून वाद घातला तर जास्त डोक्यात राहील असं मला वाटतं. सक्तीचं होईल ही भीती मात्र खरी आहे, म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत असं आम्ही आधीच ठरवलंय :D

आबा_सेवानिवृत्त
तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. मी १९८२ साली नोकरीला लागलो, प्राथमिकला. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं तेव्हा देशभर शिक्षकांचं सामूहिक उद्बोधन निघालं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दहा दिवस, आणि दरवर्षी पाच लाख शिक्षक घ्यायचे असा तो आवाका होता. नंतर नव्वदीत क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर आपल्याकडे प्राथमिक शिक्षकांसाठी स्मार्ट पीटी नावाचं प्रशिक्षण. मी दोन्ही केलेत. त्यामुळे उन्हाळी प्रशिक्षण हे काही आजचं खूळ नाही.

तेव्हाही राज्याला एक गट तयार व्हायचा, तो जिल्ह्याला शिकवायचा, जिल्ह्याचा तालुक्याला, तालुक्याचा केंद्राला. वरच्या माणसाने सहा दिवसांत जे केलेलं असे ते आमच्यापर्यंत दीड दिवसात यायचं. चहात पाणी वाढवत गेल्यावर शेवटच्या माणसाला काय मिळणार. आणि गंमत म्हणजे वरून खाली येताना आधी गळायचं ते गणित, कारण साहित्य हाताळायला वेळ लागतो आणि भाषण करायला लागत नाही. दशकाच्या दांड्या आणि सुट्यांची पेटी आमच्या समोर टेबलावर बंदच असायची, सुलभक (प्रशिक्षण देणारे) म्हणायचे ही पेटी अशी वापरायची.

तरीपण सगळं वाया गेलं असं म्हणणार नाही. त्या दहा दिवसांत शेजारच्या गावचा एक शिक्षक भेटला, त्याने मला संध्याकाळी पारावर बसून पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) वापरून अपूर्णांक कसे शिकवतो ते दाखवलं. ते मी निवृत्त होईपर्यंत वापरलं. तासिकेत नाही मिळालं, संध्याकाळी मिळालं. म्हणून म्हणतो, तुमच्या चार दिवसांत संध्याकाळ मोकळी ठेवा, दोन वाजता पळू नका :)

निशिगंधा_के
आबा _/\_ पण संध्याकाळी पारावर बसायला आम्हाला कोण देतंय. दोन वाजता पळणारच.

पायथागोरसचा_भाचा
हायस्कूलवाल्यांचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्याकडे नववी-दहावीला भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, आणि प्रशिक्षण म्हटलं की कृतिपत्रिकेचा आराखडा, गुणविभागणी, कुठल्या प्रकरणाला किती गुण. पोरांना पेपर कसा सोडवायचा ते आम्हाला शिकवतात, गणित कसं शिकवायचं ते नाही. खरंतर दहावीची भूमिती समरूपतेपासून सुरू होते आणि लगेच पायथागोरसचं प्रमेय त्या समरूपतेवरूनच सिद्ध केलंय, इतकी सुंदर रचना आहे, पण वर्गात समरूपता संपते आणि पायथागोरस नवीन धडा म्हणून सुरू होतो, आधीच्याशी काही नातं आहे हे सांगायचं राहून जातं आणि सिद्धता पाठ करायला दिली जाते.

माझा एक प्रयोग सांगतो, तुमच्या बैठकीत करून बघा. काटकोन त्रिकोण नेहमी ABC आणि काटकोन नेहमी B ला, खाली डावीकडे, आडवा पाया, असाच काढतो आपण. मी PQR काढला, काटकोन R ला, आणि R वर ठेवून कर्ण खाली आडवा घेतला. वर्गातल्या हुशार पोरांनी पण PR ला कर्ण म्हटलं. म्हणजे त्यांना काटकोनासमोरची बाजू माहीत नाही, तिरकी रेघ माहीत आहे. यावर जिओजेब्रा नावाचं भूमितीचं ॲप भारी पडतं. फुकट आहे, मोबाइलवर चालतं, एकदा डाउनलोड केलं की नेट पण लागत नाही. वर्तुळाचा व्यास घ्या, वर्तुळावर एक बिंदू घ्या आणि बोटाने फिरवत राहा, कोन ९० चा ९० च राहतो. पोरं स्वतःच विचारतात सर हे असं का, आणि मग सिद्धतेला काहीतरी अर्थ येतो. पण शिक्षकाने आधी स्वतः दोन तास बोटाने फिरवून बघितलं पाहिजे, नाहीतर वर्गात फजिती.

कोकणकडा
+१ जिओजेब्राला. आमच्याकडे नेटची बोंब, ऑफलाइन चालतं म्हणून टिकलं.

गणूची_आई
मी शिक्षिका नाही, पालक आहे, विचारलं तर चालेल ना? तुम्ही लोक हे सगळं बोलता ते वाचून बरं वाटलं, पण माझ्या मुलाच्या दुसरीच्या पुस्तकात ते एकवीस, बावीसऐवजी वीस एक, वीस दोन आलं होतं तेव्हा शिक्षकांनाच धड माहीत नव्हतं का केलं ते.

सडेतोड
अरे देवा, २०१९ उकरू नका आता. इथे तीनशे प्रतिसादांचा धागा झाला होता तेव्हा.

बिनहातचा
ताई, विचारा की. तो वाद इथे नको पण तुमच्या बोलण्यात मुद्दा आहे. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी कारण स्वच्छ सांगितलं होतं. बावन्न ऐकताना दोन आधी येतो, लिहिताना पाच आधी, म्हणून पोरं ५२ च्या जागी २५ लिहितात, आणि जोडाक्षरांचा त्रास वेगळाच. पटो न पटो, पण तो बदल वर्गात गेला तो आपल्या हातून, आणि आपल्याला तो टीव्हीवरच्या चर्चेतून कळला. पुस्तक बदलायच्या आधीच्या उन्हाळ्यात यावर दोन दिवस बसलो असतो तर निदान पालकांना उत्तर देता आलं असतं. असो.

सायली_एनजे
मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला मॅथ शिकवते, मूळची सांगलीची. इथे वर्षाला २० तास प्रोफेशनल डेव्हलपमेंट लागतं आणि इथेही त्यातलं बरंचसं सॉफ्टवेअर आणि डेटा यावर जातं, म्हणजे तिकडचं गवत हिरवं समजू नका. पण उन्हाळ्यात काही कार्यक्रम खरंच गणिताचे असतात. उदाहरणार्थ युटा राज्यात पार्क सिटीला दर जुलैमध्ये तीन आठवड्यांचं एक शिबिर असतं, १९९१ पासून चालू आहे. संशोधक, विद्यार्थी आणि शाळेचे शिक्षक एकाच ठिकाणी. शिक्षकांचा सकाळचा वेळ काय, तर गणितं सोडवायची. स्वतः. आधी सूत्र सांगत नाहीत, एकातून दुसरं निघेल अशी प्रश्नमाला हातात देतात, ज्याला जेवढं जमेल तेवढं, आणि सगळं संपवायचंच असा आग्रह नाही.

मला वाटतं तुमच्या चार दिवसांत हे हवंच. फक्त मुलांच्या चुकांवर बोललात तर दुसऱ्या दिवशी सगळे ‘आमच्या वर्गात पण असंच’ एवढंच म्हणत बसतील. रोज एक तास शिक्षकांनी स्वतः अडकायचं. आपण अडकलो की मूल अडकल्यावर त्याला काय होतं ते आठवतं, नाहीतर वीस वर्षं तेच ते सोडवून आपल्याला सगळं सोपं वाटायला लागलेलं असतं.

पायथागोरसचा_भाचा
सायली ताई, हे फार महत्त्वाचं बोललात. पण आपल्याकडे चार शिक्षकांत ‘मला येत नाही’ म्हणायची सोय नाही हो. विशेषतः गणिताच्या माणसाला. डीएड वरून पदवी घेऊन सहावी ते आठवीला आलेले कितीतरी जण आहेत ज्यांनी बारावीला गणित घेतलेलंच नव्हतं. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) त्या वर्गांना विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक हवा असं आहे, त्या चौकटीत बसवलं की झालं. त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी प्रश्नमाला दिलीत तर दुसऱ्या दिवशी पोट दुखेल.

निशिगंधा_के
मी त्यातलीच :) बारावी आर्ट्स, बीए, आणि सातवीला समीकरणं शिकवते. पोट दुखणार नाही पण जोडीने सोडवायला द्या, एकेकटं नको. आणि फळ्यावर कुणाला बोलवू नका, ते मुलांनाही आवडत नाही.

तीन_पाव
वाचनखूण साठवली. साहित्याबद्दल थोडं. मराठीतून हवं असेल तर वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट संस्था आहे, त्यांचं प्राथमिक गणितावरचं काम जरूर बघा. नवनिर्मितीचं साहित्य हाताळून बघण्यासारखं आहे. जोडोज्ञानची गणितमाळ, दहा मणी एका रंगाचे दहा दुसऱ्या अशी शंभर मण्यांची, ती घरी दोऱ्यात ओवून होते, विकत घ्यायची गरज नाही. मुंबईकडचे असाल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, १९७४ पासून आहे, टीआयएफआरचं, फक्त ऑलिम्पियाडपुरतं समजू नका, शाळेतल्या गणितावर तिथे खूप संशोधन झालंय. पुणेकरांना भास्कराचार्य प्रतिष्ठान माहीतच असेल. इंग्रजी वाचायची तयारी असेल तर अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ॲट राइट अँगल्स मासिक नेटवर फुकट आहे.

आणि एक विषय सुचवतो, बरोबरचं चिन्ह. ८ + ४ = ☐ + ५ हे सहावीला देऊन बघा. १२ लिहिणारे ढिगाने निघतील, काही १७ लिहितील. कारण पहिलीपासून त्यांच्यासाठी = म्हणजे ‘आता उत्तर लिही’. दोन्ही बाजू सारख्या असा अर्थ त्यांना कुणी दिलेलाच नसतो. आणि आपणच फळ्यावर ५ + ३ = ८ × २ = १६ असं सलग लिहितो की नाही खरं सांगा. मग सातवीत समीकरण आलं की ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ असा मंत्र द्यावा लागतो.

वऱ्हाडी_ठसका
हे मी उद्याच घरच्या पोरावर करून पाहतो.
(संपादन: १२.)

बिनहातचा
सगळ्यांचे आभार. जेवढं जमेल तेवढं घेऊन ढोबळ ठरवतोय. प्रत्येकाने यावर्षीच्या उत्तरपत्रिकांतून चुकलेली पंधरा-वीस उत्तरं नावं झाकून झेरॉक्स करून आणायची, रद्दीत घालायच्या आधी. सकाळी पहिला तास जोडीने गणितं सोडवायची, सायली ताई तुम्ही दोन-तीन प्रश्नमाला पाठवाल का. मग वजाबाकी-हातचा, दशांश, अपूर्णांकांचा भागाकार आणि बरोबरचं चिन्ह, दिवसाला एकच विषय, जास्त घेतलं की परत तेच होणार वरून खाली गळती. जिओजेब्रा आठवीवाले असतील त्यांनी जेवणानंतर. आबांची संध्याकाळ होणार नाही पण चहा लांबवू.

माझी खरी काळजी जूनची नाहीच, जुलैची आहे. चार दिवस उत्साहात जातात आणि मग शाळा सुरू झाली की कोण कुणाला विचारतंय. केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला होतेच, केंद्रप्रमुख तयार आहेत की तिथला अर्धा तास गणिताला द्यायचा. तिथे एकाने आपल्या वर्गातल्या तीन चुका आणायच्या, भाषण नाही. हे दिवाळीपर्यंत टिकलं तरी मी म्हणेन जमलं.

सडेतोड
अर्धा तास मिळाला तर मला कळवा, आमच्याकडे शिक्षण परिषदेत माहिती भरण्याच्या लिंका वाचून दाखवतात. आणि हो, तुम्ही कुठल्या तालुक्यात आहात? जवळ असाल तर येतो, टीईटीच्या अभ्यासाला म्हणून समजा.

बिनहातचा
व्यनि (खासगी निरोप) केलाय. या.

निशिगंधा_के
सर एक अडचण राहिली. अपूर्णांकांचा भागाकार घेताय तर ३ ÷ १/२ मी भाकरीवर करते, तीन भाकरींत अर्ध्या किती, सहा, सगळ्यांना कळतं. पण १/२ ÷ ३/४ ला काय करू? अर्ध्यात पाऊण बसतच नाही असं मुलं म्हणतात आणि मग मी गपचूप उलटून गुणा सांगते.

आबा_सेवानिवृत्त
ताई, दोन्ही पावात मोडा. अर्धा म्हणजे दोन पाव, पाऊण म्हणजे तीन पाव. आता प्रश्न झाला, दोनात तीन कितीदा बसतात? पूर्ण एकदा बसत नाहीत, तीनपैकी दोन भाग बसतात, म्हणून उत्तर २/३. कागदाच्या पट्टीच्या घड्या घालून मुलांसमोर करा, चार घड्या पुरतात. मग १/२ ÷ १/३ द्या, तिथे पाव चालणार नाहीत, मुलांना स्वतःला सहा भाग शोधावे लागतील. ते त्यांनी शोधले की उलटून गुणा का होतं ते सांगायला घ्या, त्याआधी नको.

निशिगंधा_के
हे जमेल. पट्ट्या मी कापून आणते, सगळ्यांसाठी.